कोपरा कोण उभारील?

मंडळी, या उन्हाळ्यात तुमच्या गावात एखादे तरी घर उभे राहिले असेल. स्लॅब पडायचा दिवस म्हणजे घरच्या कार्याचाच दिवस. सकाळी नारळ फुटतो, मिक्सरची घरघर सुरू होते, घमेल्यांची रांग शिडीवरून वर चढू लागते. मालक टोपी सारखी करून खाली खुर्चीवर बसलेला असतो आणि मालकीणबाई चाळीस माणसांच्या जेवणाच्या धांदलीत असतात. उन्हे तापली, बिगारी दमले, की वरून हमखास एक हाक येते : "अरे पाणी वाढव, माल सरकत नाही!" खालचा पोरगा पाइप सोडतो. माल पातळ होतो, भराभर पसरतो, काम दोन तास लवकर उरकते. सगळ्यांना बरे वाटते.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या पाइपाविषयी आणि तो सोडणाऱ्या हाताविषयी. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गवंडी नव्हे, इंजिनिअरही नव्हे. मग या गृहस्थाने काँक्रीटमध्ये का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण माझ्याच घराच्या छतात आहे.

आमच्या गावी वडिलांचे जुने घर होते. ते पाडून २०११ साली आम्ही नवे बांधले. चार-पाच पावसाळे गेले आणि माजघराच्या छताला तांबूस रेघा दिसू लागल्या. पुढे एके दिवशी ताटाएवढा पापुद्रा खाली पडला, आणि आत गंजलेली सळई उघडी! बरे तर बरे, खाली कोणी बसलेले नव्हते. एका इंजिनिअर स्नेह्याला दाखवले. त्याने खिळ्याने टोकरून पाहिले आणि म्हणाला, "सळई फळीवरच टेकलेली होती. खाली कव्हर ठेवलेलंच नाही. आणि मालही पातळ झालेला दिसतोय."

सळईखाली कव्हर ठेवायचे म्हणजे काय, ते थोडे उलगडून सांगतो. घर मालकाचे असते. तेव्हा हे मालकालाही ठाऊक हवे. काँक्रीट सळईला नुसते धरून ठेवीत नाही, तिला गंजापासून सांभाळतेही. सिमेंटात क्षार असतो. त्या क्षाराच्या वेष्टनात लोखंड सुरक्षित राहते. पण त्यासाठी सळईच्या बाहेर काँक्रीटचा पुरेसा थर हवा. साध्या हवामानात स्लॅबाच्या सळईखाली किमान २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. खांबात ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंच. यासाठी सिमेंटचे लहान ठोकळे मिळतात. आपल्याकडे त्यांऐवजी खडीचा एखादा तुकडा सरकवतात. वर माणसे चालली की तो निसटतो आणि सळई फळीवर टेकते. मग ओल आत शिरते, लोखंड गंजते, गंजले की फुगते, आणि फुगले की काँक्रीटला आतून फोडते. आमच्या माजघरात हेच झाले.

आता पाण्याचा हिशेब. घराच्या स्लॅबाला साधारण एम २० प्रतीचे काँक्रीट घालतात. त्यासाठी ५० किलोच्या एका पिशवीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असे भारतीय मानक सांगते; आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच धरायचे. सिमेंटला घट्ट व्हायला खरे तर याहूनही कमी पाणी पुरते; बाकीचे फक्त माल हलवता यावा म्हणून. सहाशे चौरस फुटांच्या, पाच इंच जाडीच्या स्लॅबाला पन्नास-साठ पिशव्या लागतात. प्रत्येक पिशवीमागे पाइपातून दहा लिटर जादा गेले, तरी दिवसभरात पाणी भरायची तीन मोठी पिंपे तुमच्या छतात रिकामी झाली! हे पाणी जाते कुठे? वाळून उडून जाते. पण ज्या वाटेने उडते ती वाट आत तशीच राहते. छत वरून गुळगुळीत, आतून स्पंजासारखे. तीसचे चाळीस लिटर झाले की काँक्रीटची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. पैसे मात्र पूर्ण पिशवीचे गेलेले असतात.

तर मी रागारागाने आमच्या गवंडीमामांकडे गेलो. नाव सांगत नाही. गावात सगळे त्यांना मामाच म्हणतात. माणूस लबाड नाही. त्यांच्या हातची दगडी जोती आमच्या पंचक्रोशीत लोक अजून दाखवतात. मी बोललो ते त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, मी दगडात शिकलो. सात वर्षं थापी धरू दिली नव्हती मला कोपऱ्यावर. सिमेंटचं मला कुणी शिकवलं? शहरातल्या कामावर चार दिवस बिगारी गेलो, बघितलं, आणि गावात येऊन करायला लागलो. मालक बी खूश, मी बी खूश."

माझ्याकडे याला उत्तर नव्हते. कारागिरी घसरली, आताची पोरे आळशी, जुनी माणसे गेली, असे आपण पारावर बसून म्हणतो. मामा तर जुन्यांतलेच! त्यांच्या हातून हे कसे झाले?

आधी त्यांची सात वर्षे पाहा. पहिली दोन वर्षे माल कालवायचा, दगड वाहायचा, परांची बांधायची. तेवढ्यात कोणता दगड कोणत्या अंगाने फुटतो हे डोळ्यांना कळू लागते. मग भिंतीच्या पोटातली भर घालायची. पुढे दोरीच्या सुताने मधला भाग चढवायचा. कोपरा मात्र उस्तादाचा. कारण भिंत सरळ जाते ती दोन कोपऱ्यांच्या आधाराने. कोपरा चुकला की सगळीच चुकली. ओळंबा, गुण्या, पाणसळ ही हत्यारे तर पोराला पहिल्या दिवसापासून दिसत होती, पण ती हाती यायला वर्षे लागत. आणि या सगळ्या काळात डोक्यावर एक माणूस उभा : "काढ तो दगड. परत बसव." बसवलेला दगड काढायला लावणारा माणूस, हीच त्या शिक्षणाची शाळा, हेच पुस्तक आणि हीच परीक्षा.

शिवाय तेव्हाचा माल अंमळ सोशीक होता. चुना भिजवायचा, बैलाच्या घाणीत मळायचा; तो सावकाश धरी. चूक दिसली तर दगड हलवायला अवधी मिळे. सिमेंटचे तसे नाही. पाणी पडल्यापासून अर्ध्या-एक तासात ते धरू लागते. जेवणाआधी कालवलेला माल जेवणानंतर वर पाणी मारून पुन्हा सारखा करतात ना, तो दिसायला ताजा; पण त्याची धरण्याची शक्ती उतरलेली असते. चुन्याच्या सवयीचा हात सिमेंटात शिरला की हे असे होते.

पण मंडळी, जुन्या पद्धतीच्या आरत्याही मला ओवाळायच्या नाहीत. ती विद्या जातीच्या दाराआड होती. वडार, बेलदार, पाथरवट यांच्या घरात जन्मला त्याने दगड हाती घ्यायचा. दुसऱ्याला ती वाट बंद, आणि त्यालाही दुसरी वाट बंद. शिकवण्यात मार होता, शिव्या होत्या, पोराच्या मजुरीवर उस्तादाचा हात होता. बायका तर जन्मभर घमेली वाहत राहिल्या. त्यांच्या हाती थापी द्यावी असे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. आणि बलुत्याच्या हक्कामुळे कारागीर कामात हयगय करतो, ही तक्रार त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात केलेलीच आहे. तेव्हा 'पूर्वी सगळे चोख होते' हे आपण आजोबांचे ऐकतो, तसे आजोबांनीही त्यांच्या आजोबांचे ऐकले असणार.

जुन्या कारागिरीची सगळ्यांत कठोर परीक्षा मराठवाड्यात झाली. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे झोपलेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे गेली, आणि ती बहुतांशी स्वतःच्याच घराखाली गेली. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. वर मातीचे जड माळवद. इतकी रुंद भिंत पडेल असे कुणाला वाटेल? पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला दगडाचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती-दगडांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलली तशी दोन्ही अंगे एकमेकांपासून फाकली. ज्या घरांचे माळवद लाकडी खणांवर होते, त्यांतल्या काही ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला.

आरपार दगडाचा नियम काही अवघड नाही. उंचीला दर दोन फुटांवर एक थर, आणि त्या थरात दर चार फुटांच्या आत एक दगड पूर्ण रुंदीचा. तेवढा लांब दगड मिळाला नाही तर त्या जागी काँक्रीटचा तुकडा. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि बाकी ठिकाणी उभी घरे बळकट करण्याची मोहीम निघाली. तेव्हा जुन्या भिंतींना भोके पाडून असे सांधे घातले गेले, गवंड्यांना ते शिकवले गेले, आणि घरोघर जाऊन हे समजावणाऱ्या 'संवाद सहायक' म्हणून गावच्याच बायका पुढे आल्या. माझ्या मते त्या मोहिमेतले हे फार मोलाचे काम होते, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली.

गावोगावच्या लोकांनी धडा घेतला तो वेगळाच. दगड गुन्हेगार ठरला. दगडमातीचे घर म्हणजे मरण आणि सिमेंटचे म्हणजे निर्धास्त, असा समज बसला. घर बदलले, माल बदलला. पण तो माल ज्या हातांत दिला ते हात शिकवायचे राहून गेले. आरपार दगड जसा बाहेरून दिसत नाही, तशीच स्लॅबातली सळईही दिसत नाही. खांबाच्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा असतात ना, त्यांची टोके आत, खांबाच्या पोटाकडे वळवायची असतात. आपल्याकडे ती काटकोनात दुमडून सोडतात. भूकंपाच्या धक्क्यात बाहेरचे काँक्रीट निघाले की अशी रिंग सुटते, आणि रिंग सुटली की खांब गेला. टोक थोडे अधिक वाकवायला खर्च किती? जवळजवळ नाहीच. फक्त वाकवणाऱ्याला ते का वाकवायचे हे माहीत हवे, आणि गिलावा होण्यापूर्वी कोणीतरी पाहायला हवे.

मग आज हे शिकवते कोण? १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना काढली. आरंभी पन्नासच्या आसपास संस्था होत्या. आज देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आयटीआय, चौदा हजारांवर आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खाजगी आहेत. या संस्थांनी एक मोठे काम केले : कोणत्याही जातीच्या मुलाला कोणत्याही हत्याराला हात लावता आला. हे लहान समजू नका. पण तिथे मुले मागतात वीजतंत्री, नाहीतर जोडारी. गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो घेण्याचा सल्ला कुठल्या शिक्षकाने हुशार मुलाला दिला, असे मी अजून ऐकलेले नाही. मीही दिलेला नाही, हे कबूल करतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे, पण तो पाहतो कारखान्यांकडे आणि मोठ्या आस्थापनांकडे. गावच्या गवंड्याच्या हाताखालचे पोर त्यात कुठे बसत नाही.

ग्रामीण घरकुलांच्या योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे शिक्षण ठेवले आहे आणि ते खऱ्या घरकुलाच्या कामावरच द्यायचे आहे. ही कल्पना मला पटते, कारण तिथे चूक झाली तर ती भिंतीत दिसते, कागदावर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा धंद्यांत गवंडीही आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक शिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य. ती आधीच धंद्यात असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे आठवड्यात गवंडी बनवण्याचा तिचा दावा नाही. पण गावात प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर लागली की पाहणारा दिवस मोजत नाही. सात वर्षे आणि सात दिवस यांतला फरक त्या चौकटीत दिसत नाही.

आणि दोष एकट्या शिकवणाऱ्यांचा कसा म्हणावा? आपण काम देतो कसे, तेही पाहू या. पूर्वी रोजंदारी होती. आता बहुतेक काम उक्ते, चौरस फुटाच्या दराने. दोन-चार गवंड्यांना बोलावायचे, सर्वांत कमी दर सांगेल त्याला द्यायचे. उक्त्या कामात हाताखालच्या पोराला शिकवणे म्हणजे गवंड्याचे नुकसान. पोराने बसवलेली वीट काढून पुन्हा बसवायला लावली तर अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही. मग पोरगा दोन महिन्यांत थापी धरतो, सहा महिन्यांत कोपरा लावतो आणि वर्षाने स्वतःच उक्ते काम घेतो. त्याच्या हाताखाली आणखी दोन पोरे. चूक अशी पिढी ओलांडून जाते, आणि पिढी म्हणजे इथे एक वर्ष!

आमच्या मामांनी स्वतःच्या मुलाला या धंद्यात घातले नाही. तो टेम्पो चालवतो. "चिखलात कशाला घालू? मुलगी कोण देईल?" असे ते म्हणाले. झारखंडात शौचालये बांधण्यासाठी बायकांना गवंडीकाम शिकवले, तेव्हा लोक त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणू लागले. नावात मान होता. आपण गवंड्याला काय म्हणतो, त्याला चहा कोणत्या कपात देतो, याचाही त्याच्या पोराच्या निवडीशी संबंध आहे, असे मला अर्थशास्त्राचा माणूस असूनही वाटते.

आता घर बांधणाऱ्यांसाठी चार गोष्टी, माझ्या छताच्या किमतीत शिकलेल्या. उक्ते काम द्या, पण पाया, सळई आणि स्लॅब यांचे दिवस रोजंदारीवर ठेवा. घाई तिथेच नडते. पिशवीला पाणी मोजून घाला. दहा लिटरची बादली घरोघर असते. तीन बादल्यांवर चौथी ओतू देऊ नका, आणि वाळू ओली असेल तर तिसरीही पूर्ण भरू नका. स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतः वर चढा आणि सळईखालून बोट जाते का ते पाहा. मोबाइलवर तिचे फोटोही काढून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कधीच दिसणार नाही. विटा भिजवल्याशिवाय लावू देऊ नका, कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते. आणि पाणी मारण्याचे काम बिगाऱ्यावर न सोडता घरच्यांनी अंगावर घ्या. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या कडक उन्हात निदान दहा, आणि जमले तर चौदा. बाजारात आज बहुधा राखमिश्रितच मिळते; पिशवीवर लिहिलेले असते, वाचा. मालात पाणी कमी आणि धरल्यावर पाणी भरपूर. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे मी वेगळ्या कामासाठी येतो. हाताच्या उद्योगातून शिक्षण, हा विचार १९३७ साली गांधीजींनी आपल्याच वर्ध्याला मांडला. तो पुढे का मागे पडला तो इतिहास मोठा आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून, ते सुतार, कुंभार, माळी अशा गावच्या जाणत्यांकडे घालवावेत, असे सुचवले आहे. त्या यादीत गवंडी आपण घालून घेऊ.

आमच्या गावच्या शाळेने गेल्या वर्षी मामांना बोलावले. ते आधी येईनातच. "शाळेत मी काय बोलू? मी चौथी नापास." मी त्यांना सोबत घेऊन गेलो. बोलायची वेळच आली नाही. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि सातवीच्या एका मुलीच्या हाती दिला. तिने बाकावर उभे राहून तो वर्गाच्या भिंतीला लावला. वर दोरी भिंतीपासून दोन बोटे. खाली पाहिले तर अडीच. पोरे ओरडली, "सर, भिंत वाकडी!" हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मामा जवळ गेले, भिंतीवरून हात फिरवला आणि हसले. म्हणाले, "ही मीच बांधलीय. पावसाच्या आत संपवायची होती."

मग तासभर मुले सगळ्या शाळेच्या भिंती मोजत फिरली. तीन, चार, पाच या मापांच्या दोरीने काटकोन कसा धरायचा, हे मामांनी अंगणात खुंट्या ठोकून दाखवले. गणिताच्या बाई बाजूला उभ्या राहून, पायथागोरसाचा धडा पुढच्या आठवड्यात आहे, असे म्हणत होत्या. ओळंबा लावणाऱ्या त्या मुलीने शेवटी विचारले, "मामा, कोपरा लावायला कधी शिकवणार?" मामांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आधी माल कालवायला ये. शनिवारी."

ती आली. बरोबर आणखी दोघी होत्या.